दोन पदव्यांचा हिशेब

अमेरिकेतल्या काळ्यांविषयी आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांची कविता, त्यांची आत्मकथने, त्यांचे ब्ल्यूज आणि १९७२ साली मुंबईत ज्या संघटनेवरून दलित पँथर हे नाव घेतले गेले ती ब्लॅक पँथर पार्टी, हे सारे आपल्या वाचकाच्या परिचयाचे आहे. परंतु रस्त्यावर मोर्चे निघत होते त्याच वर्षांत ताळेबंद, भागभांडवल आणि नफातोटा यांच्या वर्गात बसलेला काळा विद्यार्थी काय भोगत होता, याकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. कवितेत विद्रोह दिसतो, जमाखर्चात तो दिसत नाही, अशी आपली एक समजूत झालेली आहे. मी वाणिज्य शाखेचा प्राध्यापक, तालुक्याच्या गावी हिशेबशास्त्र शिकवतो. ही समजूत मला मान्य नाही. शिवाय दरवर्षी दोनतीन मुले तरी मला विचारतात, 'सर, वकिली करू की एम.बी.ए.?' त्यांतली एखादी हुशार पोर विचारते, 'दोन्ही केले तर?' या 'दोन्ही'ला अमेरिकेतल्या काळ्यांच्या शिक्षणात शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो येथे मांडतो.

प्रथम या पदवीचे स्वरूप पाहू. हार्वर्ड विद्यापीठाने १९६९ साली कायद्याची आणि व्यवसाय-प्रशासनाची पदवी एकत्र देणारा अभ्यासक्रम सुरू केला. कायद्याची तीन वर्षे आणि व्यवसायाची दोन मिळून पाच होतात. जोडपदवीत ती चार वर्षांत पुरी होतात. एक वर्ष या शाळेत, एक त्या शाळेत, उरलेली दोन्हींकडे. मात्र प्रवेश दोन्ही शाळांत वेगवेगळा मिळवावा लागतो. एकीने घेतले म्हणून दुसरी घेईलच असे नाही. ज्याच्या घरात आधीच कंपन्यांचे भाग आहेत, ज्याचा बाप किंवा मामा संचालक मंडळावर बसतो, त्याच्या दृष्टीने ही दुसरी पदवी म्हणजे हातातले आणखी एक हत्यार. काळ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तिचा अर्थ निराळा होता. त्याच्या पहिल्या पदवीवर कोणी विश्वास ठेवत नव्हते, आणि दुसरी हे त्या अविश्वासाला दिलेले उत्तर होते. हा माझा निष्कर्ष आहे. तो मी कशावरून काढतो ते पुढील हकिगतींवरून दिसेल.

जोडपदवीचा अभ्यासक्रम निघण्याच्या कितीतरी आधी फिलाडेल्फियाच्या सेडी टॅनर मॉसेल यांनी ती वाट तुडवली. त्यांचा जन्म १८९८ चा. त्या पहिल्या पिढीच्या शिकलेल्या नव्हेत, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. आजोबा काळ्यांच्या मेथडिस्ट चर्चचे बिशप होते, आणि वडील तर १८८८ साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेणारे पहिले काळे गृहस्थ. एवढी पुण्याई असूनही त्याच विद्यापीठात शिकायला गेलेल्या या मुलीला वर्ग कोठे भरतो हे विचारले तरी गोऱ्या सहाध्यायिनी उत्तर देत नसत. १९२१ साली त्यांना अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळाली. अमेरिकेत अर्थशास्त्राची डॉक्टरेट मिळवणारी ही पहिली काळी व्यक्ती. त्या काळी तेथला अर्थशास्त्र विभाग व्हार्टन या व्यवसाय-शिक्षणाच्या शाळेचाच भाग होता, म्हणजे ही बिझनेस स्कूलचीच डॉक्टरेट म्हणायला हरकत नाही. प्रबंधाचा विषय होता दक्षिणेतून फिलाडेल्फियात पोट भरायला आलेल्या शंभर काळ्या कुटुंबांचे राहणीमान. कोणाच्या घरात किती मिळकत, घरभाडे किती, खाण्यावर किती, कपड्यांवर किती, याचा घरोघर जाऊन घेतलेला हिशेब. आपल्याकडच्या झोपडपट्टीचा असा हिशेब आपल्यापैकी किती जणांनी मांडला आहे?

पण या डॉक्टरेटचे पुढे काय झाले? कोणत्याही गोऱ्या कंपनीने वा विद्यापीठाने त्यांना जवळ केले नाही. अखेर दक्षिणेत डरहॅम गावी काळ्यांच्याच मालकीच्या एका विमा कंपनीत त्यांना विमागणितज्ञाच्या मदतनिसाचे काम मिळाले. दोन वर्षांनी त्या परतल्या, १९२३ साली रेमंड पेस अलेक्झांडर यांच्याशी विवाह केला, आणि मग पुन्हा त्याच विद्यापीठात, या वेळी कायद्याच्या शाळेत, विद्यार्थिनी म्हणून जाऊन बसल्या. तेथल्या कायद्याच्या नियतकालिकाच्या संपादक मंडळावर त्यांची निवड झाली तीही अधिष्ठात्याच्या विरोधाला न जुमानता. १९२७ साली त्या शाळेतून पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या काळ्या स्त्री ठरल्या. पती रेमंड यांचीही वाट अशीच दुहेरी होती. व्हार्टनमधून १९२० साली पदवी, मग १९२३ साली हार्वर्डची कायद्याची. या दोघांनी मिळून वकिली केली. हॉटेले, नाट्यगृहे, शाळा यांतला वर्णभेद न्यायालयात खेचला. पेनसिल्व्हानियात १९३५ साली सार्वजनिक ठिकाणच्या भेदभावाविरुद्ध जो कायदा झाला, त्यामागे या जोडप्याची खटपट होती. सेडीबाई पुढे अध्यक्ष ट्रुमन यांच्या नागरी हक्क समितीवर गेल्या. परंतु अर्थशास्त्रज्ञ म्हणून त्यांना पुन्हा कधी नोकरी मिळाली नाही. बेकारी आणि पूर्ण रोजगार यांवर त्या आयुष्यभर भाषणे देत राहिल्या. तीही कितीतरी वर्षे कागदांच्या गठ्ठ्यांतच पडून होती.

हे वाचताना आपल्या वाचकाच्या मनात दुसरे एक नाव आल्यावाचून राहणार नाही. सेडीबाई अर्थशास्त्र संपवून कायद्याकडे वळल्या त्याच वर्षांत बाबासाहेब लंडनमध्ये एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घालून होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी. त्याआधी कोलंबियाची एम.ए. १९१५ ची. मध्यंतरी शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे परत यावे लागले तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, ही गोष्ट आम्हा वाणिज्यवाल्यांनी तरी विसरू नये. १९२० साली पुन्हा लंडन, १९२२ साली बॅरिस्टर, १९२३ साली डी.एस्सी. एक विद्या समाजाच्या दारिद्र्याचे कारण शोधण्यासाठी आणि दुसरी कोणाच्या नोकरीवर अवलंबून न राहता पोट भरता यावे यासाठी, अशी ही वाटणी मला दिसते. सेडीबाई आणि बाबासाहेब एकमेकांना ओळखत होते असे मी म्हणत नाही. दोन खंडांतल्या दोन बहिष्कृत समाजांत एकाच दशकात हीच जोडी निवडली गेली, एवढेच नमूद करतो.

आता हार्वर्डकडे वळू. तेथल्या बिझनेस स्कूलमधून १९३३ साली एच. नेलर फिट्झह्यू नावाच्या काळ्या तरुणाने एम.बी.ए. केले. जन्म वॉशिंग्टनचा, शिक्षण तेथल्या केवळ काळ्यांसाठी असलेल्या डनबार शाळेत, आणि सोळाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर हार्वर्डला. त्याच्या आधी काही वर्षे, १९२२ साली, हार्वर्डच्या अध्यक्षांनी पहिल्या वर्षाच्या वसतिगृहात काळ्या मुलांना जागा नाही असे जाहीर धोरण ठेवले होते. पुढे ते मागे घ्यावे लागले. पण धोरण मागे घेतले म्हणून वातावरण मागे जात नसते. फिट्झह्यू पास झाले ते महामंदीच्या ऐन मध्यात. हार्वर्डचा एम.बी.ए. असूनही गोऱ्या कंपनीत नोकरी नाही. ते आपल्या गावी परतले आणि १९३४ पासून तीस वर्षे हॉवर्ड विद्यापीठात, म्हणजे काळ्यांच्या विद्यापीठात, व्यापार-शिक्षण देत राहिले.

येथपर्यंतची कथा आपल्याकडच्या कोणत्याही शिकलेल्या दलिताची असू शकते. पुढची मात्र मला फार महत्त्वाची वाटते. १९३३ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या काळ्या वस्तीतल्या एका लहानशा हॅम्बर्गरच्या हॉटेलाने आपले तीन काळे नोकर काढून त्यांच्या जागी गोरे घेतले. गिऱ्हाईक काळे, गल्ला काळ्यांचा, आणि नोकर गोरे! काही सुशिक्षित काळ्या तरुणांनी त्या दुकानासमोर फलक घेऊन निदर्शने केली. मालकाने नोकर परत घेतले. त्यातून न्यू निग्रो अलायन्स ही संघटना उभी राहिली, आणि तिच्या उभारणीत फिट्झह्यू होते. सूत्र साधे होते. जेथे आपल्याला काम मिळत नाही तेथे खरेदी करायची नाही. सॅनिटरी ग्रोसरी नावाच्या मोठ्या किराणा कंपनीने न्यायालयातून निदर्शनांवर मनाई आणली. संघटनेचे वकील बेलफर्ड लॉसन यांनी तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, आणि १९३८ साली न्यायालयाने निकाल दिला की वर्णावरून नोकरी नाकारण्याविरुद्धचा हा तंटा म्हणजे कामगार-तंटाच आहे, आणि शांततेने चाललेल्या अशा निदर्शनांना मनाई करता येत नाही. संघटनेच्या संस्थापकांत विल्यम हेस्टी हे हार्वर्डचे कायदेपंडितही होते. कोणत्या दुकानाचा गल्ला कोणाच्या खिशातून भरतो हे व्यापार शिकलेला सांगे. त्या दुकानापुढे उभे राहण्याचा हक्क कायदा शिकलेला मिळवून देई. जोडपदवी निघण्याच्या छत्तीस वर्षे आधी कायदा आणि व्यापार यांची जोडणी दुकानासमोरच्या फुटपाथवर झाली होती.

या फिट्झह्यूंची हॉवर्डमधली एक विद्यार्थिनी म्हणजे लिलियन लिंकन. व्हर्जिनिया राज्यातल्या एका खेड्यातल्या शेतकरी कुटुंबात जन्म. शाळा संपल्यावर न्यूयॉर्कला गेली आणि फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या श्रीमंत घरात मोलकरीण झाली. मग वॉशिंग्टनला टंकलेखनाचे काम, आणि बरोबरीच्या मुली पदव्या घेऊन बाहेर पडण्याच्या वयात कॉलेजात प्रवेश. गुरूने आग्रह धरला म्हणून तिने हार्वर्डला अर्ज केला. १९६७ साली ती बिझनेस स्कूलमध्ये दाखल झाली तेव्हा शेकडो विद्यार्थ्यांच्या त्या तुकडीत काळे अवघे सहा होते, आणि काळी स्त्री ती एकटी.

तेथली शिकवण्याची रीत समजून घेतल्याशिवाय या एकटेपणाचा अर्थ कळणार नाही. तेथे व्याख्यान नसते. कोण्या कंपनीपुढच्या पेचाची हकिगत, जिला ते 'केस' म्हणतात, रात्री वाचून यायची आणि सकाळी तिच्यावर बोलायचे. प्राध्यापक केव्हाही कोणाकडेही बोट दाखवून सुरुवात कर म्हणतो. वर्गातल्या बोलण्याला मोठे गुण असतात. म्हणजे जो गप्प बसला तो नापासाच्या वाटेवर. नव्वदेक जणांच्या वर्गात बोलायला उठायचे, आणि उठणाऱ्याच्या तोंडून एक माणूस नव्हे तर सारा वर्ण बोलतो आहे असे बाकीच्यांनी ऐकायचे. बरे, त्या केसमधला मालक गोरा, व्यवस्थापक गोरा, सावकार गोरा. काळा आलाच तर कामगार म्हणून. ज्याने घरात कधी धनादेश पाहिला नाही त्याने भांडवल-उभारणीवर पहिले वाक्य बोलायचे म्हणजे काय, हे पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागणार नाही.

४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्या वर्षी या शाळेतल्या पाच विद्यार्थ्यांनी आपली संघटना बांधली. लिलियन लिंकन, क्लिफर्ड डार्डन, थिओडोर लुइस, जॉर्ज प्राइस आणि लिरॉय विलिस ही ती पाच नावे. अधिष्ठाते जॉर्ज बेकर यांच्यापुढे त्यांनी मागणी ठेवली की काळे विद्यार्थी अधिक घ्या. शाळेचा नेहमीचा बचाव असतो की लायक उमेदवार मिळत नाहीत. आपल्याकडच्या अनुशेषाच्या फायलींत हे वाक्य जसेच्या तसे सापडेल. या पाच जणांनी त्यावर भाषण केले नाही. ते काळ्यांच्या कॉलेजांत स्वतः गेले, मुले शोधली, अर्ज भरून घेतले. पुढच्याच तुकडीत काळ्यांची संख्या सहावरून पंचवीसच्या वर गेली. लायक उमेदवार एका वर्षात जन्माला आले नव्हते. ते तेथेच होते, त्यांना विचारायला कोणी गेले नव्हते. लिलियन १९६९ साली त्या शाळेची एम.बी.ए. झालेली पहिली काळी स्त्री ठरली. १९७६ साली तिने इमारतींच्या साफसफाईची कंपनी काढली, ती गॅरेजमध्ये, काही हजार डॉलरवर. २००१ साली विकली तेव्हा तिच्याकडे बाराशेच्या आसपास माणसे कामाला होती. मोलकरीण म्हणून ज्या कामाने सुरुवात झाली त्याच कामाची ती मालकीण झाली. याला कोणी क्रांती म्हणणार नाही, पण क्षुल्लकही म्हणू नये.

हाच काळ जोडपदवीच्या आरंभाचा. या वाटेने गेलेल्यांत थिओडोर वेल्स यांचे उदाहरण बोलके आहे. बाप टॅक्सी चालवणारा, आई नौदलाच्या कचेरीत टपाल वाटप करणारी. १९६८ साली होली क्रॉस या कॅथलिक कॉलेजच्या जॉन ब्रुक्स नावाच्या पाद्री प्राध्यापकाने काळी मुले मुद्दाम शोधून आणली, त्यांत वेल्स होते. १९६९ च्या डिसेंबरात तेथे एका मोठ्या कंपनीच्या नोकरभरतीविरुद्ध निदर्शने झाली. निदर्शकांत बहुसंख्य गोरे होते, पण कारवाईसाठी ओळखून काढले गेले त्यांत काळे त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी अधिक. गोऱ्यांच्या गर्दीत काळा चेहरा ओळखायला सोपा! काळ्या विद्यार्थ्यांनी सामानसुमान घेऊन कॉलेजच सोडले. काही दिवसांत कारवाई मागे घ्यावी लागली. त्या लढ्याच्या पुढाऱ्यांत वेल्स होते. त्यांनी १९७६ साली हार्वर्डमधून कायदा आणि व्यवसाय या दोन्ही पदव्या घेतल्या. पुढे ते देशातले नामांकित फौजदारी वकील झाले, आणि काळ्यांच्या हक्कांचे खटले लढवणाऱ्या लीगल डिफेन्स फंडाच्या मंडळाची धुराही त्यांनी वाहिली.

हार्वर्डच्या या दोन शाळांच्या मध्ये चार्ल्स नदी आहे. अलीकडे कायदा, पलीकडे व्यापार. पूल ओलांडला की वातावरणही बदलत असे. कायद्याच्या शाळेत १९७१ साली डेरिक बेल हे कायम नेमणूक झालेले पहिले काळे प्राध्यापक होते. पलीकडे व्यवसायाच्या शाळेत तसा पहिला काळा प्राध्यापक, जेम्स कॅश, १९८५ साली झाला. म्हणजे वेल्स यांना अलीकडे आपला एक माणूस कायमच्या खुर्चीवर दिसे, पलीकडे नाही. रेमंड मॅग्वायर यांनी १९८४ साली याच दोन्ही पदव्या मिळवल्या, तेव्हाही पलीकडची स्थिती तीच. अलीकडेही सारे गोड नव्हते. बेल १९८० साली सोडून गेले, त्यांचा वर्ण आणि कायदा हा विषय कोण शिकवणार यावरून १९८२-८३ साली काळ्या विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला आणि स्वतःच पर्यायी वर्ग भरवला. त्या वर्गाच्या उभारणीत किंबर्ली क्रेनशॉ ही विद्यार्थिनी होती, आणि वंशवादाच्या चिकित्सेचे जे नवे कायदाशास्त्र पुढे जगभर गेले त्याचे एक मूळ तेथे आहे. व्यवसायाच्या शाळेतून असे शास्त्र निघाले नाही. भांडवलाची वर्णचिकित्सा तेथल्या वर्गात करायची म्हणजे बसलेली फांदीच तोडायची, हे त्याचे कारण असावे.

यावर आपले काही कार्यकर्ते म्हणतील, हा सारा काळ्या भांडवलशाहीचा मामला आहे. चार जण वर गेले, वस्ती तेथेच राहिली. हा आक्षेप अमेरिकेतही घेतला गेला आहे. निक्सन यांनी १९६८ च्या निवडणुकीत काळ्या भांडवलशाहीचा नारा दिला आणि १९६९ साली अल्पसंख्याकांच्या धंद्यांसाठी सरकारी कचेरी उघडली, ती काही प्रेमापोटी नव्हे. पेटलेल्या वस्त्या शांत करण्यासाठी. पँथरांनी त्यावर कडाडून टीका केली. टीका बरोबर होती. पण १९७१ साली पँथरांचे नेते ह्यूई न्यूटन यांनाच वस्तीतल्या काळ्या दुकानदाराशी कसे वागायचे याचा फेरविचार मांडावा लागला. पैसा कोठून येतो आणि कोठे जातो हे ज्याला कळत नाही त्याच्या हातून वस्तीचा पैसा वस्तीत राहत नाही.

दुसऱ्या पदवीविषयी थोडे स्वतःचे सांगतो. मी घरातला पहिला पदवीधर. वडील मोंढ्यात हमाली करत. एम.कॉम. नंतर एका संस्थेत मुलाखतीला गेलो. समोरच्या गृहस्थांनी गुणपत्रिका उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, 'हे मार्क कोणत्या कॅटेगरीतले?' मार्कांना कॅटेगरी नसते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पुढे मी नोकरीला लागलो, आणि संध्याकाळच्या वर्गाला बसून एलएल.बी. केले. वकिली करायची नव्हती. तरी केले. गावातले लोक विचारतात कशाला केले, आणि त्यांना पटेल असे उत्तर माझ्याकडे नाही. सेडीबाईंची हकिगत वाचली तेव्हा मात्र मला ते मिळाले.

दोन पदव्यांनी संशय फिटतो का? २०२० साली जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर हार्वर्ड बिझनेस स्कूलचे अधिष्ठाते नितीन नोहरिया यांनी काळ्या विद्यार्थ्यांच्या आणि अध्यापकांच्या बाबतीत शाळा कमी पडली याबद्दल जाहीर माफी मागितली. मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेल्या माणसाच्या तोंडून ही माफी यावी हा एक योगायोग. तशी माफी त्यांच्या मायदेशातल्या अशा शाळांकडून कोणी ऐकल्याचे मला आठवत नाही. त्याच सुमारास तेथे शिकवून बाहेर पडलेले काळे प्राध्यापक स्टीव्हन रॉजर्स यांनी उघडपणे सांगितले की शाळेच्या दहा हजारांच्या घरातल्या केसेसमध्ये काळा माणूस नायक असलेल्या शेकडा एकही भरत नाहीत. रॉजर्स यांनी स्वतः तशा केसेस लिहिल्या आणि काळ्या उद्योजकांवर स्वतंत्र विषय शिकवला. म्हणजे लिलियन लिंकन ज्या केसेस वाचत होती त्यांतला मालक पन्नास वर्षांनीही बहुतेक गोराच होता.

आणि मग २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्याच खटल्यात प्रवेशाच्या वेळी वर्ण विचारात घेण्यास बंदी घातली. १९७८ च्या बाकी खटल्यात याच हार्वर्डची प्रवेशपद्धती आदर्श म्हणून नमूद झाली होती. कायद्याच्या शाळेत २०२३ साली पहिल्या वर्षाला ४३ काळे विद्यार्थी आले होते. २०२४ साली आले १९. जोडपदवीला दोन्ही शाळांचे प्रवेश लागतात. नदीच्या अलीकडे जो शिरला नाही तो पूल ओलांडून पलीकडे दोन पदव्यांसाठी जाऊ शकत नाही. फिट्झह्यू १९९२ साली वारले. पाच जणांनी बांधलेली ती विद्यार्थी-संघटना अर्धशतक उलटून गेल्यावरही चालू राहिली आणि आपल्या वार्षिक परिषदेला तिने त्यांचेच नाव दिले. या परिषदेला जुने विद्यार्थी येतात, नव्यांना भेटतात, आणि केस वर्गात कशी मांडायची हे शिकवून जातात.